कॅमेलिऑनचा स्वभाव कसा ओळखायचा आणि त्याला हातावर कधी, कसं घ्यायचं

माझ्याकडं आलेला पहिला कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा झाडावरचा सरडा, लई गरीब होता. हातावर ठेवला की हलायचा नाही, फुगायचा नाही, तोंड उघडायचा नाही, नुसता डोळे मिटून बसून राहायचा. विकणाऱ्यानं पण हेच सांगून दिला होता, "भाऊ, बिनधास्त न्या, लेकराच्या हातावर पण बसतंय." आम्ही सगळे खूश, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला हातावर घेऊन फोटो काढायचा, आणि बाविसाव्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाला पडलेला सापडला. नंतर कळालं की दिवसाउजेडी डोळे मिटून बसणारा कॅमेलिऑन गरीब नसतो, आजारी असतो, त्याच्या अंगात पळायला किंवा फुगायला सुद्धा बळ उरलेलं नसतं. डोळे आत गेलेले होते, शीमधला जो भाग पांढराशुभ्र असायला पाहिजे तो पिवळा-नारिंगी पडायचा, सगळं समोर दिसत होतं, पण त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

आता घरात हिरा आहे. व्हेल्ड जातीचा नर, चार वर्षांचा, आणि तो आजही कधीकधी मला बघून फुसकारतो, अंग फुगवतो, तब्येत मात्र ठणठणीत. या चार वर्षात जे शिकलो ते इथं सांगायलोय, कारण आपल्या लातूर-नांदेड-परभणीकडं हे शेजारी बसून सांगणारं कुणी भेटत नाही आणि व्हिडिओ बघावेत तर ते परदेशातल्या थंड घरातले असतात, आपल्याकडचा एप्रिल त्या लोकांनी बघितलेला नसतो.

बांधावरचा सरडगुहिरा घरी आणायचा नाही

हे आधी सांगतो कारण मला सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते. पाऊस सरता सरता, दिवाळीच्या आसपास आपल्याकडं बांधावर, बाभळीच्या खाली, कधी डांबरी रोडवर सुद्धा हिरवा सरडगुहिरा झुलत झुलत चाललेला दिसतो. एरवी झाडावरच राहणारं हे जनावर, मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते म्हणून या दिवसात नजरेला पडतं. हा आपला भारतीय कॅमेलिऑन, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. पकडणं, पाळणं, विकणं सगळा गुन्हा आहे, "सापडलाय, दोन दिवस ठेवतो आणि सोडतो" हे सुद्धा त्यातच आलं.

आणि तो विषारी नाही. आमची माय अजून पण म्हणते की त्याचं तोंड बघितलं की वाईट होतंय, आणि या असल्या समजुतीपायी गावोगाव त्याला दगडानं ठेचतात. त्याच्याकडं विषाचा दात नाही, विषाची पिशवी नाही, काही नाही. रोडवर दिसला तर एक लांब काठी त्याच्या पुढ्यात आडवी धरा, तो स्वतःहून चढतो, आणि तो ज्या बाजूला चालला होता त्याच बाजूच्या झुडपात नेऊन सोडा. जखमी असला तर वनखात्याची 1926 ही हेल्पलाईन आहे, तिथं फोन करा.

पाळायचा म्हणजे परदेशी जातीचा, पिंजऱ्यात जन्मलेला आणि कागद असलेला. आपल्याकडं जास्त करून दोनच नावं ऐकायला येतात, व्हेल्ड आणि पँथर. व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदीच्या डोंगराळ भागातला, पँथर मादागास्करचा. दोन्ही सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यामुळं 2022 ची कायद्यातली दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांच्यानुसार असा प्राणी घरात असला तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, तरी ते कळवावं लागतं. विकणारा म्हणाला "कागदाचं नंतर बघू" तर तिथूनच माघारी फिरा.

त्याचा स्वभाव मुळात कसा असतोय

कॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. जंगलात सुद्धा नर-मादी मिलनापुरतेच एकत्र येतात आणि आपापल्या वाटेनं जातात. त्याला सोबत लागत नाही, दुसऱ्या कॅमेलिऑनची तर अजिबातच नाही, दोन नर एकमेकांना नुसते दिसले तरी दोघं दिवसभर तणावात राहतात. म्हणून "एकटाय बिचारा, जोडी करू" हा विचार डोक्यातून काढून टाका. आरशात किंवा काचेत स्वतःचीच सावली दिसली तरी त्याला तो दुसरा नर वाटतो. हिऱ्याचा पिंजरा आधी कपाटाच्या आरशासमोर होता, आठ दिवस हा बाबा सकाळपासून अंग फुगवून आरशाकडं तोंड करून बसायला, खाणं निम्म्यावर आलं, मला वाटलं आजारी पडला की काय, आणि बायकोनं आरशावर ओढणी टाकली तर दुसऱ्या दिवशी सगळं नीट.

माणसाचं काय, तर तो माणसाला ओळखतो असं मला तरी वाटतं, पण कुत्र्या-मांजरासारखं कुरवाळून घेणं त्याच्यात नाही. हातावर फिरवण्यानं त्याला सुख मिळत नाही. चांगल्यात चांगलं काय होऊ शकतं, तर तो तुम्हाला धोका समजायचं सोडून देतो. हे एवढं मिळवायला महिने लागतात आणि ते मिळालं की लई मिळालं.

जातीजातीत फरक आहे. व्हेल्ड जरा तापट, त्यात नर जास्तच. पँथर बहुतेक वेळा थोडा सैल असतो, पण अपवाद भरपूर. वयाचा फरक सगळ्यात मोठा. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू हातावर सहज फिरतं आणि लोक म्हणतात बघा कसं माणसाळलं, आणि मग पाच-आठ महिन्यांच्या दरम्यान ते वयात येतं आणि एका सकाळी तुमच्यावर तोंड उघडतं. बरेच जण इथं घाबरतात, आपलं काहीतरी चुकलं म्हणतात. चुकलेलं नसतं. त्याला आता स्वतःची हद्द कळायला लागलेली असते.

रंग, डोळे, अंग: काय बघायचं

शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की सरडा आजूबाजूचा रंग घेतो. तसं नाही. रंग मुख्यतः मनःस्थिती, तापमान आणि दुसऱ्याला द्यायचा इशारा यासाठी बदलतो. 2015 साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी पँथर कॅमेलिऑनवर दाखवून दिलं की त्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात, कातडी सैल असताना ते जवळ जवळ असतात तेव्हा निळा-हिरवा उजेड परत फिरतो, प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि रंग पिवळा-तांबड्याकडं सरकतो. म्हणजे हिरवा कॅमेलिऑन बहुतेक वेळा निवांत असतो आणि भडक रंगाचा, ज्याचे आपण कौतुकानं फोटो काढतो, तो बऱ्याचदा चिडलेला असतो.

पण नुसत्या रंगावरून ठरवू नका, रंग आणि अंग दोन्ही मिळून बघायचं. गडद रंगाचंच उदाहरण घ्या. सकाळी उठल्या उठल्या हिरा जवळपास काळपट असतो, फांदीवर आडवा होऊन अंग पत्र्यासारखं चपटं करतो आणि ती चपटी बाजू दिव्याकडं करतो. हे ऊन खाणं आहे, गडद रंगानं ऊब लवकर ओढली जाते, वीस-पंचवीस मिनिटात तो हिरवा होऊन कामाला लागतो. आता अगदी तसंच चपटं अंग, तसाच गडद रंग, पण बाजू दिव्याऐवजी तुमच्याकडं केलेली, गळ्याखालचा भाग फुगवलेला, शेपूट गुंडाळलेली, अंग मागंपुढं झुलतंय, तर तो "मी किती मोठा आहे बघ, पुढं येऊ नको" म्हणायलाय. दोन्हीत मुख्य फरक बाजू कुणाकडं केली याचा. हे एकदा नजरेत बसलं की पुढचं सोपं जातं.

तोंड उघडं असलं तर खोलीतलं तापमान बघा. थंड वेळी तुमच्याकडं बघून तोंड उघडलं आणि फुसकारला तर ती धमकी. दुपारच्या उष्म्यात तुमच्याकडं लक्ष पण नाही, रंग फिका पडलाय आणि तोंड उघडं ठेवून बसलाय, तर त्याला उन्हाचा त्रास होतोय, लगेच गार जागा द्या. रात्री झोपेत फिका, जवळपास पांढरट दिसला तर घाबरू नका, झोपेत तसाच दिसतो.

डोळे दोन्ही वेगवेगळे फिरत असले पाहिजेत, एक तुमच्यावर आणि एक पानाआडच्या किड्यावर. डोळा कधी कधी फुग्यासारखा फुगवून गोल फिरवतो, फांदीला घासतो, ते डोळा साफ करणं आहे, थोड्या वेळात संपतं. दिवसभर तेच चाललं, किंवा दिवसा डोळा मिटलेला राहिला, तर डॉक्टर. हातावर घेतल्यावर डोळे मिटले तर त्याचा अर्थ लाड आवडले असा काढू नका, माझ्या पहिल्याच्या बाबतीत मी तोच काढला होता.

झुलत झुलत, एक पाऊल पुढं अर्धं मागं असं चालणं दिसलं की लेकरं म्हणतात नाचायलाय. तो वाऱ्यात हलणाऱ्या पानाची नक्कल करत असतो, म्हणजे सावध आहे, जागा ओळखीची वाटेना त्याला.

निम्मा स्वभाव पिंजऱ्यावर असतोय

एखादा म्हणाला की माझा लई खुनशी आहे, तर मी आधी पिंजऱ्याचा फोटो मागतो. पिंजरा टेबलावर खाली ठेवलेला, आत एक वाळकी फांदी, पानं नाहीत, समोरून टीव्ही आणि लेकरं. लपायला जागा नसलेला प्राणी दिवसभर स्वतःचा बचाव करत बसणार, दुसरं काय करणार.

मोठ्या नराला साधारण 60 बाय 60 सेंटिमीटर आणि उंची 120 तरी पाहिजे, चारी बाजूनं जाळी. ठेवायचा उंचावर, की तो बसतो ती वरची फांदी तुमच्या डोळ्याच्या वर येईल. हे लई महत्त्वाचं आहे. वरून खाली येणारी कोणतीही गोष्ट त्याच्यासाठी घार नाहीतर कावळा असते, तुम्ही खालून दिसलात की निम्मी भीती तिथंच संपते. आत खरी झाडं लावा, मनीप्लांट आणि जास्वंद आपल्याकडं कुठंही मिळतात, व्हेल्ड पानं खातो सुद्धा, त्यामुळं कण्हेर, रुई असलं चिकाचं विषारी झाड आत नको आणि नर्सरीतून आणलेलं रोप दोन-तीन आठवडे बाहेर ठेवून, धुऊन मगच आत.

वर दोन दिवे, एक ऊब देणारा आणि एक यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी. यूव्हीबी नसलं तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ होतात, पाय वाकतात, आणि असल्या प्राण्याला हाताळताना हाड मोडतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळपास राहत नाही, त्यामुळं "ऊन येतंय की खिडकीतून" हे चालत नाही. ट्यूब जळत असली तरी वर्षभरात तिचा जोर कमी होतो, बदलायची.

आता आपला उन्हाळा. व्हेल्डला दिव्याखालच्या फांदीवर 30 अंशाच्या आसपास लागतं, बाकी पिंजऱ्यात 24 ते 27. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर 42, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत आतच 38. लोक पुस्तकात लिहिलंय म्हणून त्यात पण ऊब देणारा बल्ब चालू ठेवतात. खोली 30 च्या वर गेली की तो बल्ब बंद, फक्त यूव्हीबी ट्यूब चालू. पिंजरा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, कूलर चालू पण झोत सरळ त्याच्या अंगावर नको, आणि पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा. दुपारी हवा पार कोरडी होते, म्हणून पहाटे दिवे लागायच्या आधी आणि रात्री दिवे गेल्यावर पानांवर पाणी फवारायचं. तो वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, त्यामुळं दिवसा एखाद्या बाटलीला बारीक भोक पाडून थेंब थेंब पाणी पानावर पडेल असं करा. बोअरचं पाणी वापरलंत तर आठवड्यात पानांवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याचं तोंड बुजतं, आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं वापरा.

मे महिन्यात लाईट गेली तर हाताळणं, खायला घालणं सगळं बंद, त्याला फक्त गार ठेवायचं.

पहिले दोन आठवडे: हात लावायचाच नाही

नवीन आणल्यावर सगळ्यांनाच हात शिवशिवतात. नको. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना चादर लावा, पाणी फवारा, खायला ठेवा आणि बाजूला व्हा. साफसफाई सुद्धा खालच्या खालीच उरका. नातेवाईकांना दाखवायचं असलं तर लांबून.

या दिवसात फक्त वहीत लिहा, किती वाजता ऊन घ्यायला वर येतो, कधी खातो, शीमधला पांढरा भाग पांढरा आहे का, निवांत असताना त्याचा हिरवा नेमका कसा दिसतो. तुमच्या प्राण्याचं नेहमीचं रूप माहीत नसलं तर बदललेलं पण कळणार नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून ओळख

रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी त्याचं ऊन घेऊन झाल्यावर, पिंजऱ्यापासून चार-पाच फुटावर बसा. मोबाईल बघा, पेपर वाचा, त्याच्याकडं टक लावून बघू नका, टक लावणं म्हणजे शिकाऱ्याचं लक्षण. दहा-पंधरा मिनिटं. तो पानाआड सरकतो का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा. सरकला तर उद्या अजून एक फूट मागं बसा. सरकला नाही तर दोन-तीन दिवसानी थोडं पुढं. असं करत करत दाराजवळ बसेपर्यंत माझे पाच आठवडे गेले, कुणाचे दोन जातील, घाई करायची नाही.

मग दार उघडून बसा, हात आत न घालता. दार उघडल्यावर फुगला तर दार उघडं ठेवूनच तसेच शांत बसा, तो सैल झाला की हळूच बंद करा. फुगलेला असताना घाबरून दार आपटलं तर तो शिकतो की फुगलं की माणूस पळतोय.

त्याच्यानंतर खाणं. आधी वाटीतून, वाटी हातात धरून. एक हात लांबवून धरा आणि हलवू नका, त्याची जीभ अंगाच्या लांबीपेक्षा जास्त लांब जाते, त्याला जवळ यायची गरजच नसते. पहिल्या वेळी हिऱ्यानं एक डोळा वाटीतल्या अळीवर आणि एक डोळा माझ्या तोंडावर ठेवून सात-आठ मिनिटं काढली, माझा हात भरून आला, मग दोन्ही डोळे एकदम पुढं आले, तोंड थोडं उघडलं, जिभेचं गुलाबी टोक दिसलं आणि टप्. दोन्ही डोळे पुढं येणं हीच खूण, त्या क्षणी तो तुम्हाला विसरलेला असतो.

खायला काय द्यायचं हे पण इथंच सांगतो, कारण विश्वास खाण्यातूनच बसतो. पाळलेले रातकिडे, आणि आपल्या भागात एक फार चांगली सोय आहे ती म्हणजे रेशीम अळी. बीड, जालना, परभणीकडं तुतीची लागवड आणि रेशीम कितीतरी शेतकरी करतात, जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे. अळी मऊ, पाणीदार, उन्हाळ्यात तर उत्तम. तुतीला कीटकनाशक मारलं तर अळ्याच मरतात, म्हणून तो पाला सहसा सुरक्षित असतो, फक्त शेतकऱ्याला विचारून घ्या की अळ्यांवर निर्जंतुकीकरणाची पावडर कधी टाकलीय, पावडर टाकलेल्या अळ्या नको. सोयाबीन आणि कपाशीतले नाकतोडे मात्र कधीच आणू नका, फवारणीचं औषध त्यांच्या अंगात असतं. काजवे सुद्धा नको, त्यांच्यात विष असतं. मोठ्याला एक दिवसाआड तीन-पाच किडे पुरतात, वर साधी कॅल्शियम पावडर भुरभुरून.

हातावर घेणं

आता मूळ मुद्दा. घ्यायचा म्हणजे पकडायचा नाही, तो चढला पाहिजे.

आधी फांदीनं सुरुवात करा. बोटाएवढी जाड, खरखरीत सालीची, हातभर लांब फांदी त्याच्या पुढ्यात, छातीच्या जरा खाली, आडवी धरा. पुढचा पाय टेकवला की थांबा, उचलू नका. चारही पाय आणि शेपटीचा वेढा फांदीवर आला की मगच हळूहळू बाहेर. आठवडाभर असं झालं की त्याच फांदीच्या पुढं तुमचा दुसरा हात ठेवा, तळवा खाली, बोटं सैल, फांदीपेक्षा किंचित उंच. कॅमेलिऑनला वर चढायची ओढ असते, समोर जरा उंच काही मिळालं की तो पाय टाकतो. बोटाची पकड अंगाला लागते तेव्हा हात झटकू नका, त्याचे पाय चिमट्यासारखे असतात, एका बाजूला दोन आणि एका बाजूला तीन बोटं जुळलेली, ती जोरात आवळतो कारण त्याला पडायची भीती असते.

वरून हात नेऊ नका. पाठीवरून धरू नका. चढला की हात स्थिर ठेवा, तो चालायला लागला तर एका हातापुढं दुसरा हात देत राहा, शिडीसारखं. खांद्यावर आणि मग डोक्यावर जाईल, तुमचं डोकं त्याला त्या खोलीतलं सगळ्यात उंच झाड वाटतं. जमिनीपासून फार उंचावर उभे राहून हे करू नका, पलंगावर किंवा सतरंजीवर बसून करा, फरशीवर पडला तर बरगडी मोडू शकते. पंखा बंद, दार-खिडकी बंद, मांजर बाहेर.

वेळ किती? पाच मिनिटं, फार तर दहा, आठवड्यात दोनदा. रंग गडद व्हायला लागला, फुसकारला, एकसारखा उडी मारायची जागा शोधायला लागला, की संपलं. परत ठेवताना हातावरून ओढून काढायचा नाही, हात पिंजऱ्यातल्या फांदीला टेकवायचा आणि थांबायचं, तो उतरतो. उतरत नसला तर मागच्या बाजूनं शेपटीच्या बुडाला बोटानं हलकंच शिवायचं. पायाची पकड सोडवायची वेळ आलीच तर एकेक पाय, बोटं खालून सैल करत, आणि सोडवलेल्या पायाला लगेच दुसरी फांदी द्यायची. शेपूट कधीच ओढायची नाही. पालीची शेपूट तुटली तर परत येते, याची येत नाही, ती त्याचा पाचवा हात आहे.

हिवाळ्यात एक गंमत दिसते. डिसेंबरच्या सकाळी हिरा हातावर पटकन येतो आणि बसून राहतो. मला सुरुवातीला भरून आलं होतं. हात कोमट असतो, एवढंच कारण आहे. दिव्याखाली ऊब मिळाली की तो लगेच तिकडं जातो. ते कळाल्यावर सुद्धा मला ती सकाळ आवडते, पण त्याला ऊब मिळायच्या आधी मी आता हातावर घेत नाही, गार अंगानं त्याला पळता येत नाही आणि नको असलं तरी सांगता येत नाही.

कधी घ्यायचाच नाही: कात टाकत असताना, खाल्ल्यानंतर, अंधार पडल्यावर, आणि मादीच्या अंगात अंडी असताना. हे शेवटचं लई जणांना माहीत नसतं. व्हेल्डची मादी नर नसताना सुद्धा अंडी घालते, अर्ध्या वर्षाच्या आसपास वय झालं की कधीही. अंग गडद आणि त्यावर निळे-पिवळे ठिपके, पोट दोन्ही बाजूला भरलेलं, खाणं कमी, तळाशी येरझाऱ्या, हे दिसलं की तळाला एक बादली किंवा टोपलं ठेवा, त्यात धुतलेली वाळू आणि माती ओलसर करून फूटभर खोल, बोटानं बोगदा केला तर ढासळू नये इतकी ओली. चादर लावा आणि डोकावू नका, माणूस दिसला की ती खोदणं सोडून देते. दोन-तीन दिवस खोदून अंडी आली नाहीत आणि ती मलूल होऊन डोळे मिटायला लागली तर अंडी अडकलीत, डॉक्टरकडं न्यायला एक दिवस पण थांबू नका.

चावला तर

हात मागं ओढू नका, ओढलं की कातडी फाटते आणि त्याचा जबडा दुखावतो. हात स्थिर धरा, तो सोडतो. मोठ्या नरानं चावलं तर रक्त येऊ शकतं, विष नसतं, साबणानं नीट धुवा, जंतुनाशक लावा. आणि चावो न चावो, हाताळून झाल्यावर दर वेळी साबणानं हात धुवायचे, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षाखालच्या लेकराच्या हातात देऊच नका. माझी पुतणी सात वर्षांची आहे, ती "काका, मला धरायचंय" म्हणून मागं लागली तेव्हा तिला मी फांदी धरायला दिली, फांदीवर हिरा, तिला पण समाधान आणि त्याला पण.

औषधासाठी धरावंच लागलं तर

कधीकधी त्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. तोंडात औषध घालायचं असलं तर उजेड कमी करा, मऊ ओलसर कापड पाठीवरून टाका, एका हाताची बोटं पोटाखालून, पाय मोकळे, पण चारही पायांना धरायला काहीतरी, एखादा रुमालाचा बोळा सुद्धा चालतो, पाय हवेत राहिले की तो पिसाळतो. छाती दाबू नका, श्वास घ्यायला त्याला बरगड्या हलवाव्या लागतात. काम झालं की पिंजऱ्यात, चादर, आणि त्या दिवशी परत डोकवायचं नाही. विश्वास काही दिवस मागं जाईल, परत वाटीपासून सुरुवात करायची.

डॉक्टरचं आधीच बघून ठेवा, प्राणी आणायच्याही आधी. आपल्याकडं परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं विचारता येतं, पण सरपटणाऱ्या प्राण्यांवर रोज काम करणारे डॉक्टर बहुतेक पुण्याला, मुंबईला नाहीतर हैदराबादला, म्हणजे प्रवास आलाच. त्यासाठी माझ्याकडं एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा कायम तयार असतो, बाजूंना भोकं पाडलेली, तळाला जुना टॉवेल, आणि आत एक फांदी दोन्ही टोकांनी पक्की बसवलेली, तळापासून चार बोटं वर, म्हणजे सुटून पडला तरी लागत नाही. पाण्याची वाटी आत नाही, निघताना पानांवरचं पाणी पाजून निघायचं. वरून गडद कापड, रात्रीची गाडी, एसीचा झोत अंगावर नाही, आणि पोचेपर्यंत झाकण उघडायचं नाही.